गाडीची उंची

ताईचा अमेरिकेहून फोन आला की पहिली पाच मिनिटे आईच्या गुडघ्यांची चौकशी, पुढची पाच मिनिटे बेळगावच्या पावसाची आणि मग मुद्दा, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. २०२३ च्या एप्रिलमध्ये मात्र मी फोन उचलल्या उचलल्या तिने मुद्दाच सांगितला. "तू मे महिन्यात येतोयस ना? ये, आणि आधी तुझ्या भाच्याला समजाव. त्याला गाडी उंच करायचीय."

मला काही उमगेना. माणसे गाडी घेतात, विकतात, धुतात, रंगवतात. उंच कशी करतात? मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. माझी मजल स्कूटरच्या प्लगपर्यंत. पण ताईचा आवाज नेहमीचा नव्हता. "दाजी काय म्हणतात?" मी विचारले. "ते काही म्हणत नाहीत, तोच तर प्रश्न आहे. पंधरा दिवस झाले, बापलेक जेवायला समोरासमोर बसतात आणि मीठसुद्धा माझ्याकडे मागतात. तू तरी बोल की रे."

तर मंडळी, अशी ही कामगिरी आणि चार डबे कुंदा घेऊन मी नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावी पोचलो. राजधानी रॅलीला लागून असलेले हे गाव. जवळच्या संशोधन-उद्योगांच्या वसाहतीमुळे इथे भारतीय घरे पुष्कळ. दाजी संगणकातले. घर नीटनेटके, पुढे हिरवळ, आणि त्या हिरवळीच्या कडेला उभा असलेला, चाकांच्या कमानींपर्यंत वाळलेल्या तांबड्या चिखलाने माखलेला भाच्याचा पिकअप ट्रक.

तो चिखल पाहून मी थबकलो. रंग अगदी आपल्या खानापूर-जांबोटीच्या मातीचा! बेळगावच्या पूर्वेला गेले की काळी जमीन लागते आणि पश्चिमेला गेले की तांबडी. त्या तांबड्या मातीत माझे बालपण गेले. नॉर्थ कॅरोलिनाच्या मधल्या पट्ट्यातही अशीच लोहयुक्त तांबडी चिकणमाती आहे. ओली झाली की साबणासारखी निसरडी आणि वाळली की विटेसारखी कडक.

भाचा तेव्हा सतरा वर्षांचा. दोन उन्हाळे किराणा दुकानात सामान भरण्याचे काम करून त्याने पैसे साठवले होते, थोडे दाजींनी घातले, आणि २००९ सालचा टोयोटा टॅकोमा घेतला होता. शनिवारी मित्राच्या शेतावर जायचे आणि मुद्दाम खणलेल्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यांतून ट्रक घालायचा, हा त्याचा छंद. याला तिकडे 'मडिंग' म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा खेळ गावोगाव चालतो. दाजींना हे आडदांड वाटते. मला काही नवल वाटले नाही. कोकणात पावसाळ्यात गुडघाभर चिखलात नांगरणीच्या शर्यती लागतात तेव्हा काठावरची म्हातारी माणसेही उड्या मारतात. चिखलाची ओढ माणसाला जुनीच आहे.

पहिले दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा पेला घेऊन ट्रकपाशी गेलो आणि म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. शिकवशील?" मुलांना उपदेश केला की ती कान मिटतात, आणि शिकवायला सांगितले की तोंड उघडतात. वीस वर्षे वर्गात उभे राहून मी एवढे तरी शिकलो आहे.

त्याने वही आणली आणि चित्रे काढली. त्याच्या मराठी-इंग्रजीतून मला जे समजले ते असे.

गाडी उंच करण्याचे तीन मार्ग. पहिला, फक्त पुढची बाजू वर घेणे. अशा ट्रकचे नाक मुळातच थोडे खाली असते, कारण मागे ओझे भरल्यावर तो सपाट व्हावा अशी ती योजना असते. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती बसवली की नाक दीड-दोन इंच वर येते. सर्वांत स्वस्त. दुसरा मार्ग, चासी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालणे. साधारण तीन इंचांपर्यंत घालतात. यात सांगाडा वर जातो, मोठ्या टायरला जागा होते, पण चासी आणि तिच्या खालचे सारे होते तिथेच राहते. म्हणजे धोतर वर खोचल्यासारखे. माणूस काही उंच होत नाही. तिसरा आणि खरा मार्ग, स्प्रिंगा आणि शॉकॲब्जॉर्बर बदलून चासीच चाकांपासून वर उचलणे.

भाच्याला तिसऱ्यातला सहा इंचांचा संच हवा होता, आणि त्यावर पस्तीस इंच व्यासाचे टायर. नुसत्या संचाचीच किंमत दोन हजार डॉलरच्या वर.

"बरं," मी म्हटले, "चिखलात गाडी अडकते ती नक्की कुठे?"

तो क्षणभर गप्प झाला आणि मग मला ट्रकखाली वाकायला लावले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मध्यावर भोपळ्याएवढी लोखंडी पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. मागचा सर्वांत खालचा भाग तोच, आणि खोल चाकोरीत पहिल्यांदा तोच टेकतो. "मग सहा इंच वर केल्यावर ही पेटी किती वर जाईल?" त्याने खाली मान घालून सांगितले, "झीरो." आस चाकांबरोबरच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यासाच्या वाढीच्या निम्मा. त्याचे मूळचे टायर सुमारे साडेतीस इंचांचे. तेहेतीसचे घातले तर पेटी सव्वा इंच वर येईल, पस्तीसचे घातले तर सव्वादोन. म्हणजे एवढा सगळा खटाटोप त्या एका इंचाच्या फरकासाठी! तो लगेच म्हणाला, "पण मामा, बाकीचं सगळं वर जातं ना. पोट टेकत नाही." तेही खरेच होते. मी ते मान्य केले.

मग तो मागच्या स्प्रिंगांवर आला. मागे दोन उपाय असतात. एकतर आस आणि स्प्रिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवायचा, नाहीतर पट्ट्यांच्या जुडग्यात आणखी एक लांब पट्टी घालायची. ठोकळा स्वस्त, पण जोरात वेग दिला की आस स्वतःभोवती पिळवटतो. म्हणून पट्टी बरी. त्याने चित्र काढले आणि मी खुर्चीवरून उठलोच. "अरे, हे तर पाटा चढवणं!"

"पाटा?"

"आपल्याकडे याला पाटे म्हणतात. तुझ्या आजोबांनी जीपला चढवले होते."

त्याला आजोबांची जीप ठाऊकच नव्हती. मी वळून पाहिले तर ताई खिडकीतून आमच्याकडे बघत होती. ती आत निघून गेली.

त्या शनिवारी आम्ही दोघे तासाभराच्या अंतरावर एका छोट्या गावात गॅरेजवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस, टोपीला ग्रीस लागलेले, बोलणे तुटक. त्याने भाच्याचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सोमवार ते शुक्रवार ही गाडी काय करते?" शाळेत जाते. "मग पाच दिवसांची गाडी कर, एका दिवसाची नको." पुढे त्याने जे सांगितले ते मला फार पटले. लोक आधी उंची ठरवतात आणि मग टायर शोधतात. हे उलटे आहे. आधी टायर ठरवावा, आणि तो टायर बसायला जेवढी उंची लागेल तेवढीच करावी.

मग त्याने बोटांवर मोजून दाखवले. पुढची चाके स्वतंत्र स्प्रिंगांवर आहेत. ती तीन इंचांपलीकडे उचलली की इंजिनाकडून चाकाकडे जाणारे दांडे जास्तच तिरके होतात, त्यांचे रबर फाटते आणि सांधे झिजतात. सहा इंचांच्या संचात हे टाळण्यासाठी पुढचे डिफरन्शियलच ब्रॅकेट लावून खाली घेतात. म्हणजे गाडी सहा इंच वर आणि तिच्या पोटाखालचे लोखंड पुन्हा खाली! टायर मोठे आणि जड झाले की ब्रेक लागायला जास्त अंतर लागते, इंजिनाला ओढ पडते आणि मग गिअरचे प्रमाणही बदलावे लागते. वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. पस्तीसच्या टायरवर काटा साठ मैल दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ एकोणसत्तरने पळत असेल. दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, तो पुन्हा खाली करून घ्यावा लागतो. आणि विमा कंपनीला हे सगळे कळवावे लागते.

तिथेच एक ट्रक उभा होता, पुढून आकाशाकडे नाक आणि मागून जमिनीला टेकलेला. ही एक तिकडची फॅशन. पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच करण्याला नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी केली, कारण चालवणाऱ्याला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही. मालक तो ट्रक सरळ करून घ्यायला आला होता. म्हातारा म्हणाला, "याने एकदा वर करायला पैसे दिले, आता खाली करायला देतोय."

दुपारी शेतावर गेलो. पंधरा-वीस ट्रक, धूर, गाणी, हसणे-खिदळणे. मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की उंच ट्रकांची तिथे मजाच होती. जिथे भाच्याचा टॅकोमा पोटावर बसला आणि चाके नुसती फिरत राहिली, तिथून एक आठ इंच उचललेला ट्रक डुलत डुलत पार झाला. भाच्याने माझ्याकडे असे पाहिले की बघा, मी काय सांगत होतो! पण तोच ट्रक पुढे बांधावर आडवा चढताना एका बाजूला कलला, वरची दोन चाके हलकी झाली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चालवणाऱ्याने वेळीच चाक उताराकडे वळवले म्हणून निभावले. मुले टाळ्या पिटत होती. मला मात्र तो कल ओळखीचा होता.

भाच्याचा ट्रक बाहेर काढायला एकजण दोर घेऊन आला आणि ट्रेलर जोडायच्या गोल लोखंडी गुंडीला अडकवू लागला. तेवढ्यात एका वडीलधाऱ्याने ओरडून त्याला थांबवले. ती गुंडी झटक्याने तुटली तर तोफगोळ्यासारखी येते आणि माणूस जागीच जातो. दोर चासीला पक्क्या बसवलेल्या हुकातच अडकवायचा आणि सगळ्यांनी लांब उभे राहायचे. भाच्याच्या ट्रकला मागे तसा हुकच नव्हता. सहा इंचांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता, पण हुकाची आठवण कोणी करून दिली नव्हती.

रात्री जेवणे झाली. दाजी उठणार तोच ताई म्हणाली, "बसा जरा." आणि माझ्याकडे वळून, "जीपचं सांग त्याला."

"तूच सांग," मी म्हटले. "तू आत होतीस."

भाचा आईकडे बघतच राहिला.

आमचे आण्णा बेळगाव-जांबोटी-कणकुंबी मार्गावर वडाप जीप चालवायचे. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान, पावसाचे आगर. रस्ता असा की पावसाळ्यात रस्ता कुठला आणि ओढा कुठला ते विचारून जावे. जीपचे पोट दगडाला घासायचे, आणि माणसे तर दहाच्या जागी सोळा. आण्णांनी प्रत्येक चाकावर दोन-दोन जादा पाटे चढवून घेतले. जीप चांगली चार बोटे वर आली. आण्णा खूश. ओढ्यातून ऐटीत जायची, भरली तरी दबायची नाही. मी तेव्हा पाचवी-सहावीत. उंच जीप आमची म्हणून माझी कॉलर ताठ.

१९९१ चा जुलै. जांबोटीच्या अलीकडे एका वळणावर पावसाने कडा खचलेला. वर टपावर तांदळाची पोती. डावे चाक कडेला उतरले. पूर्वीची जीप कदाचित तिथेच रुतून बसली असती. ही रुतली नाही. ताई सांगत होती, "जोरात नाही पडली रे. हळू पडली. एवढी हळू, की पडतेय हे मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं." ती तेव्हा सोळा वर्षांची, बारावीच्या प्रवेशाचे कागद छातीशी धरून बसलेली. दोन प्रवाशांचे हात मोडले. आण्णांचा उजवा पाय जीपखाली सापडला. ते पुढे आयुष्यभर लंगडत चालले. ताईच्या कानामागे पाच टाके पडले. तिने केस बाजूला करून मुलाला खूण दाखवली. सतरा वर्षे ज्या आईच्या कुशीत तो वाढला, तिच्या कानामागची ती खूण त्याने पहिल्यांदा पाहिली.

"तू कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुला गाडीची भीती वाटावी असं मला वाटत नव्हतं," ताई म्हणाली. "मला वाटते तेवढी पुरे आहे."

दाजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारले, "मग आण्णांनी जीप विकली?" नाही विकली. बरे झाल्यावर त्यांनी चाकामागे एक-एक पाटा काढून टाकला, टपावर पोती घेणे बंद केले, आणि पुढे दहा वर्षे तीच जीप त्याच रस्त्यावर चालवली. पोट चालवायचे तर रस्ता सोडून चालत नव्हते. आण्णा अपघाताविषयी फारसे बोलत नसत. एकदाच मला म्हणाले होते की चूक जीप उंच करण्यात नव्हती. उंच केलेली जीप पहिल्यासारखीच चालवली, ती चूक.

हे वाक्य मी भाच्याला सांगावे की नाही, याचा मला पेच पडला होता. कारण त्यात परवानगीही आहे आणि इशाराही. शेवटी सांगितले. सतरा वर्षांच्या मुलाला अर्धेच सत्य सांगितले तर उरलेले अर्धे तो स्वतः शोधायला जातो, आणि ते शोधण्याची जागा बहुतेक वेळा एखादे वळण असते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने वहीचे नवे पान काढले. तेहेतीसचे टायर, चिखल आपोआप झटकणाऱ्या खोल खाचांचे. त्यासाठी लागणारी तीनच इंच उंची. पुढे चकत्या नव्हे तर पूर्ण नव्या स्प्रिंगा-शॉक आणि त्यांना जुळणारे वरचे हात, मागे एक जादा पाटा. स्टिअरिंग पूर्ण फिरवले की टायर मागे घासणार, तिथे थोडे कापून घ्यायचे. पुढे आणि मागे पक्के हुक. आसाच्या पेटीतून हवा जाण्यासाठी जी नळी असते ती लांब करून वर इंजिनापाशी नेणे, नाहीतर खड्ड्यातले गार पाणी आत ओढले जाते आणि तेल चहात दूध घातल्यासारखे होते. हे शेवटचे गॅरेजवाल्याने सांगितले होते. वाचलेल्या पैशांतून नवे ब्रेक.

ते पान त्याने माझ्यापुढे नाही, दाजींपुढे ठेवले. दाजींनी चष्मा लावला, रकमांची बेरीज तपासली आणि म्हणाले, "बेरीज चुकलीय, चाळीस डॉलर जास्त होतात." पंधरा-वीस दिवसांनंतरचे ते पहिले वाक्य! मग थोड्या वेळाने, "ब्रेकचे मी देतो."

भाच्याचे पूर्ण मतपरिवर्तन झाले, असे मात्र कोणी समजू नये. विमानतळावर त्याने मला हळूच सांगितले, "मामा, सिक्स इंच मी करणार. पण दुसऱ्या ट्रकला, जो रस्त्यावर आणायचाच नाही. ट्रेलरवरून शेतात न्यायचा." मी म्हटले, तेव्हाचे तेव्हा बघू. आणि खरे सांगायचे तर त्यातही विचार होता.

परत आल्यावर मी आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या गाड्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो आहे. आपली मुलेही आता जीपगाड्या वर उचलून, रुंद टायर लावून चोर्ल्याच्या बाजूला हिंडतात. आपल्याकडे कायदा आणखी कडक आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या आधारे सांगितले आहे. पण कायद्याचा धाक पोलीस दिसेपर्यंतच असतो. घाटातल्या वळणावर पोलीस नसतो. तिथे घरात कोणी काय सांगितले होते, तेवढेच बरोबर असते. आणि आपण बहुतेक आईबाप, मामा-काका, एकतर "नाही म्हणजे नाही" म्हणतो किंवा "कर काय करायचं ते" म्हणतो. गाडीखाली वाकून "नक्की अडकतं कुठे?" असे विचारायला आपल्याला वेळ नसतो, आणि आपल्या अंगावरचे टाके दाखवायला धीर नसतो.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. आधी आईचे गुडघे, मग पाऊस. शिरस्ता पुन्हा सुरू झाला आहे, यावरून मी ओळखले की सगळे ठीक आहे. मग म्हणाली, "अरे, शनिवारी मीही गेले होते त्याच्याबरोबर शेतावर. दोन खड्डे झाले, आणि डोळे मिटून घेतले नाहीत. पण पांढरी सलवार घातली होती रे, वाटोळं झालं. तीन वेळा धुतली."

आई शेजारीच बसून ऐकत होती. फोनजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "तांबड्या मातीचा डाग तो, जायचा नाही. आण्णांच्या एका धोतराचा गेला नाही. राहू दे तसाच."